पिवळा चिमटा

त्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, कडीसाठी पाडलेलं भोकही होतं; फक्त दार नव्हतं. आधीच्या भाडेकरूंनी ते का काढलं आणि कुठे नेलं, हे घरमालकालाही सांगता येईना. ‘सुताराला निरोप दिलाय, आज-उद्या येईल,’ असं तो गेले तीन आठवडे म्हणत होता, आणि सुतार आज आणि उद्याच्या मधे कुठेतरी अडकून पडला होता. शेवटी तिने जुन्या घरातला बैठकीचा पडदा धुऊन तिथे टांगला. तो वीतभर आखूड पडला. खालच्या त्या वीतभर फटीतून घरातले सगळे आवाज बिनदिक्कत आत यायचे आणि तिच्या जिवाला घोर लावायचे.

कारण ती खोली म्हणजे तिचं ऑफिस होतं. निदान दहा दिवस तरी होतं.

नवरा कागदाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. कारखान्याने दुसरीकडे नवीन यंत्रं बसवली आणि त्यांच्यामागोमाग त्यालाही पाठवलं. बदलीचं पत्र आलं त्या दिवशी तो म्हणाला होता, “तुझं काय, तू तिकडे घरबसल्या काहीतरी बघशील की.” हे ‘काहीतरी’ तिला नखात शिरलेल्या कुसळासारखं सलत राहिलं. कॉलेजच्या ग्रंथालयात सात वर्षं काढली होती तिने. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, वरून कितव्या फळीवर, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. निघताना सहकाऱ्यांनी दिलेल्या वस्तू, तिचा शिक्का, तिची टाचणं, सगळं एका खोक्यात भरून त्यावर तिने जाड अक्षरात लिहिलं होतं: ‘माझं’. नव्या घरात बाकीची एकोणीस खोकी उघडली गेली, हे तेवढं राहिलं. काम मिळेल तेव्हा उघडू, असं ती स्वतःशी म्हणाली होती.

काम मिळेना. इथल्या ग्रंथालयाला पूर्ण दिवस बसणारी बाई हवी होती. शिकवणीवाल्यांना संध्याकाळ हवी होती, दुकानवाल्याला दहा तास उभी राहणारी मुलगी हवी होती. आणि सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला, तोही उठता उठता, सहज विचारल्यासारखा: “लहान मूल आहे का हो घरात?” ती हो म्हणायची. मग समोरचा माणूस फार गोड हसायचा आणि कागद बाजूला ठेवायचा. संध्याकाळी नवरा बूट काढता काढता विचारायचा, “काही हललं का?” आणि तिला वाटायचं, हातातला कप याच्या बुटात ओतावा.

म्हणून लिफ्टवाल्या कंपनीच्या फॉर्मवर जेव्हा ‘कामाच्या वेळेत घरी सहा वर्षांखालील मूल असते का?’ असा प्रश्न आला, तेव्हा तिने ‘नाही’वर खूण केली. आणि लगेच पुढच्या प्रश्नावर गेली.

मूल होतं, साडेपाच वर्षांचं. मुलगी. ती दोन वर्षांची व्हायच्या आतच तिच्या आजोबांनी तिचं नाव ‘रेडिओ’ पाडलं, आणि आजोबा गेले तरी नाव राहिलं. सकाळी डोळे उघडण्याआधी तिचं तोंड उघडायचं. मुंग्यांना हाडं असतात का, डाव्या बुटाला आपण डावा आहोत हे कळतं का, आजीचे दात रात्री पेल्यात काय बोलतात. काही खास सांगायचं असलं की ती आधी टाचा उचलायची, चवड्यांवर उभी राहायची, एक श्वास आत ओढायची, आणि मग सुरू. घरातल्या प्रत्येकाला ती खूण माहीत होती. टाचा उचलल्या की पळायला अर्धा क्षण मिळायचा.

चौथं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशा समजुतीने त्या बोलायच्या.

काम असं होतं: लिफ्ट मधेच बंद पडली की आतला माणूस लाल बटण दाबतो. पूर्वी त्याची घंटा खाली पहारेकऱ्याच्या खोलीत वाजायची आणि पहारेकरी जेवायला गेलेला असायचा. आता ती तिच्या कानात वाजायची. तिने त्या माणसाशी बोलायचं, मेकॅनिकला पाठवायचं, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्याला धीर देत बसायचं. दुपारी बारा ते तीन. सगळं घरून.

सुपरवायझर बाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. फोनवरचा त्यांचा आवाज इस्त्री केल्यासारखा होता, कुठे सुरकुती नाही. “मेकॅनिक किती मिनिटांत येईल ते सांगायचं नाही. ‘निघालाय’ म्हणायचं. दाराला हात लावू द्यायचा नाही, काही झालं तरी. आणि दहा सेकंदांहून जास्त गप्प बसायचं नाही. अडकलेल्याला दहा सेकंदांत वाटायला लागतं की आपल्याला सगळे विसरले.” मग लगेच, “आणि मागे घर ऐकू येता कामा नये. भांडं नाही, टीव्ही नाही, मूल तर नाहीच नाही. त्याला वाटलं पाहिजे, पलीकडे मोठं ऑफिस आहे, दहा माणसं आपल्यासाठी धावताहेत. आपला जीव कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे असं वाटलं तर तो दार फोडायलाच लागेल.”

दहा पाळ्यांची परीक्षा होती. प्रत्येक फोन कंपनी नंतर ऐकणार. घर ऐकू आलं की एक फुली. तीन फुल्या झाल्या की संपलं.

‘माझं’ लिहिलेल्या खोक्यावर तिने कॉम्प्युटर ठेवला, हेडफोन चढवला आणि बसली.

“लोकांच्या लिफ्टा चालवतेस,” सासूबाई म्हणाल्या, “आणि आपण मात्र तीन मजले गुडघे मोडत चढायचे.”

“मी चालवत नाही हो आई. बंद पडल्या की बोलते.”

“मग तर काय, उजेडच!”

पहिली फुली पहिल्याच दिवशी पडली. दोन मैत्रिणी कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या आणि त्यातली एक हुंदके देत होती. ती शांतपणे सांगत होती, “आमची टीम निघाली आहे, तुम्ही अजिबात काळजी करू नका,” आणि नेमकं तेव्हाच पडद्यामागून सासूबाईंचा पंचम लागला: “अगं ए, दूध उतू चाललंय, धाव!” हुंदके देणारी बाई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “तुम्ही जा हो आधी. दूध बघा.”

दुसरी फुली दुसऱ्या दिवशी. सव्वा वाजता एक म्हातारे गृहस्थ अडकले. भले गृहस्थ होते, पण घाबरलेले. तिने त्यांना हळूहळू बोलतं केलं, श्वास सावकाश घ्यायला लावला, आणि ते जरा सावरतात न सावरतात तोच संडासातून खणखणीत आरोळी आली: “आईऽऽ, झाऽऽलं!”

“काय झालं?” म्हातारे किंचाळले. “काय झालं? दोर तुटला का?”

हेडफोनच्या वायरवर आपला आवाज बंद करायचं एक बारकं बटण होतं. तिचा अंगठा तिथे पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं, दोन्ही अर्थांनी.

संध्याकाळी सुपरवायझर बाईंचा निरोप आला, दोनच ओळींचा. दुसरी फुली. आठ पाळ्या बाकी. ती गच्चीवर कपडे काढायला गेली आणि दोरीपाशी नुसतीच उभी राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले चिमटे, सगळे निळे, एकच पिवळा आला होता, चुकून. तिने तो काढला, खाली आली, रेडिओला समोर बसवलं आणि पडद्याला तो लावून दाखवला.

“हे बघ. हा चिमटा दिसला की आई अडकलेल्या माणसांना सोडवतेय. आपण एक शब्द जरी बोललो ना, तर ती माणसं घाबरतात. मग आईचं काम जातं. म्हणून पिवळा चिमटा दिसला की…”

“तोंडाला कुलूप.”

“शहाणी माझी बाय.”

“आणि शी झाली तर?”

“तर आजीचा पदर ओढायचा.”

रेडिओने टाचा उचलल्या, श्वास घेतला, चिमट्याकडे पाहिलं, आणि टाचा खाली टेकवल्या. तिला इतकं हायसं वाटलं की तिने पोरीचा गालगुच्चा घेतला.

आणि खरंच, जादू झाल्यासारखं घर गप्प झालं. सासूबाईंनीही पदर तोंडाशी धरून चालायला सुरुवात केली, जणू आवाज पायांतून नाही, तोंडातूनच गळतो. पावणेएकला त्या रेडिओला शाळेतून घेऊन यायच्या, तेव्हा बूटसुद्धा जिन्यात काढले जायचे. ती आत बसून बोलत असायची आणि पडद्याच्या फटीतून तिला दोन लहान पावलं दिसायची. पावलं येऊन थांबायची. टाचा उचलल्या जायच्या. तिचा अंगठा बटणावर जायचा. मग टाचा टेकायच्या. पावलं निघून जायची. दिवसातून चारदा, पाचदा. दर वेळी ती मनात म्हणायची, सुटले.

तिचा हात बसत चालला. दारं आपटणाऱ्यांना हळू बोलायचं, रडणाऱ्यांना प्रश्न विचारायचे, हे जमायला लागलं. मेकॅनिक तिला ‘कंट्रोल’ म्हणायला लागला. “कंट्रोल, पोचलो.” “कंट्रोल, मंडळी बाहेर आली, पाणी पिताहेत.” तो शब्द ऐकला की ती ताठ बसायची. तीन वाजता हेडफोन काढायची तेव्हा कान लाल झालेले असायचे आणि डोकं अजून लिफ्टमध्येच असायचं. भाजी आणायची, कपडे घड्या करायचे, उद्याचा डबा. चिमटा काढायचं कित्येकदा राहूनच जायचं. एकदा तर नवरा घरी आला, जेवणं झाली, तरी तो पडद्याला तसाच होता. रेडिओने निमूट जेवून ताट स्वतः उचललं.

“आज रेडिओची बॅटरी संपली वाटतं?” नवरा म्हणाला.

“शहाणी झालीय ती,” ती म्हणाली. तिला अभिमानही वाटला होता, हे नंतर आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

रविवारी बापाबरोबर बाहेर गेली तेव्हा पोरीची टकळी सुरू होती म्हणे. तळ्याकाठच्या बाकावर तिने एका अनोळखी आजोबांना मुंग्यांची हाडं समजावून सांगितली. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलंच नाही.

नवव्या पाळीच्या दिवशी शाळेच्या वहीत चिठ्ठी आली. ‘उद्या सकाळी कृपया भेटून जावे.’ वर्गशिक्षिकेची सही. बस्स. कशाबद्दल, काही नाही.

ती संध्याकाळभर जागेवर ठरली नाही. चिठ्ठी वाचली, घडी केली, उलगडली. रेडिओला विचारलं, “मारामारी केलीस का? काही सांडलंस? कुणी काही बोललं?” रेडिओने मान हलवली. प्रत्येकाला नाही. ती वळली, तर चिमटा पडद्यालाच होता. तिने तो काढून फळीवर ठेवला, पण त्यातून तिला काही सुचलं नाही. डोक्यात एकच होतं: उद्या शेवटची पाळी आणि उद्याच हे.

शाळेची खुर्ची वीतभर उंचीची होती. ती गुडघे हनुवटीशी घेऊन बसली. वर्गातली पोरं बाहेर पटांगणात होती.

“घरी बोलते का हो ती?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे काय, विचारू नका. घरी तर…” घरी तर काय? काल बोलली होती? परवा? ‘आई, पाणी,’ असं म्हणाली होती बहुतेक. का बोटानेच दाखवलं होतं?

“पहिल्या दिवशी मला तिला गप्प बसवावं लागलं होतं,” बाई म्हणाल्या. “माझ्या चष्म्याला ‘खिडकी’ म्हणाली, वर्ग हसून हसून लोळला. आणि आता आठवडा झाला, वर्गात एक शब्द नाही. उत्तरं येतात तिला, लिहिते बरोबर. परवा पाण्याची बाटली सांडली, फ्रॉक ओलाचिंब झाला, तरी बोलली नाही. माझा पदर ओढला. पटांगणात मात्र बोलते, मी ऐकलंय. वर्गात पाऊल टाकलं की बंद. कान एकदा तपासून घ्याल का? घरात कुणाला…”

“तिच्या आजीला,” ती घाईने म्हणाली. एक क्षणभर तिला चक्क बरं वाटलं, की कारण सापडलं. आणि ते आपल्या रक्तातलं नाही. मग बाईंचे आधीचे शब्द कानात शिरले. पदर ओढला. तिने मान वर केली.

फळ्याच्या वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक दोरी बांधलेली होती. दोरीवर पोरांनी रंगवलेली चित्रं वाळत घातली होती. प्रत्येक चित्राला दोन चिमटे. तिने मोजले नाहीत. पन्नासेक असतील. सगळे पिवळे. त्याच कोपऱ्यावरच्या दुकानातले.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“काही नाही. कान… कान चांगले आहेत तिचे.”

घंटा झाल्यावर पोरं आत यायला लागली. रेडिओ उंबऱ्यापर्यंत काहीतरी सांगत आली, मागच्या मुलीला, हातवारे करत; आणि उंबरा ओलांडताना वाक्य अर्ध्यात सोडून दिलं, पायातून बूट काढून ठेवावा तसं. तिने पोरीला जवळ ओढलं आणि खाली बसली.

“तू इथे का बोलत नाहीस?”

रेडिओने वर बोट केलं. मग आईला बाहेर, पटांगणापर्यंत ओढत नेलं आणि तिथे कुजबुजली, “खूप चिमटे आहेत ना. घरी एक असला तर एवढं गप्प. इथे किती! खूप माणसं अडकली असतील.”

“नाही गं. ते चित्रांचे चिमटे आहेत. त्यांचा तो नियम नाही. इथे बोलायचं, अगदी पोटभर बोलायचं.”

“आणि घरचा?”

आता खरं तर एकच उत्तर होतं. पण तिच्या डोळ्यासमोर बारा ते तीन आले, दहावी पाळी, ‘कंट्रोल, पोचलो’, खोक्यावरचं ‘माझं’. “घरचा… आजचा शेवटचा दिवस. आज एक दिवस. मग बघू.”

रेडिओने समजूतदारपणे मान हलवली. ती समजूत बघून तिला भडभडून आलं. साडेपाच वर्षांच्या पोरीला एवढी समजूत शोभत नाही.

बाराला पाच मिनिटं असताना ती चिमटा हातात घेऊन पडद्यापाशी उभी राहिली. चिमट्याचं तोंड उघडून पडद्याची कड पकडायची आणि सोडायचं, एवढंच काम. तिने तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. सासूबाई चपला घालत होत्या, रेडिओला आणायला निघाल्या होत्या.

“काय गं, अडकलीस?” त्या म्हणाल्या.

तिने चिमटा खिशात टाकला. “आई, आज चिमटा नाही. ती बोलली तर बोलू द्या.”

“काय?”

“बोलू द्या तिला!”

“अगं मग काम?”

हेडफोन चढवून ती बसली. बारा ते एक एकही लिफ्ट बंद पडली नाही. नेमक्या त्या दिवशी सगळ्या शहाण्यासारख्या वर-खाली करत होत्या. पाऊण वाजता जिन्यात पावलं वाजली, घरात आली. फटीतून तिला दोन लहान पावलं दिसली, मोजे घातलेली. थांबली. टाचा उचलल्या. टेकल्या. पडद्याला चिमटा नव्हता, तरी टेकल्या. “बोल ना गं,” ती आतून म्हणाली. पावलं तशीच, एकावर एक पाय ठेवून. काही नाही. आठ दिवसांत शिकवलेलं तीन शब्दांत कसं पुसलं जाणार?

दोन वाजून पाच मिनिटांनी घंटा वाजली.

“कोणीतरी आहे का?” पुरुषाचा आवाज, चिडका.

“आहे, बोला. तुम्ही एकटेच आहात का? तब्येत ठीक आहे?”

“तब्येतीला काय धाड भरलीय! नळ दुरुस्तीला आलोय सहाव्या मजल्यावर, चौथ्या-पाचव्याच्या मधे लटकलोय. तिकडे बाईंच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी झालं असेल.”

“आमचा मेकॅनिक निघालाय. तुम्ही फक्त दाराला हात लावू नका.”

“हात कशाला, पाना आहे माझ्याकडे. बारा नंबरचा. असा घालतो फटीत, दोन मिनिटांत उघडतं की नाही बघा.”

प्रशिक्षणात एक चित्र दाखवलं होतं: उघडलेलं दार, मजल्यांमधली काळी पोकळी. “नका उघडू. ऐका माझं. दार उघडलं आणि लिफ्ट हलली तर…”

“बाई, मी वीस वर्षं पाने चालवतोय.”

“पाने चालवताय, लिफ्ट नाही ना!” हे नियमात बसत नव्हतं. पण तो जरा हसला. तिने बोलत ठेवलं: किती वर्षं हे काम करता, कुठला नळ जास्त गळतो, आत उजेड आहे का, पंखा सुरू आहे का. तो उत्तरं देत होता, पण मागून धातूवर धातू घासल्याचा आवाज येत होता. कर्र. कर्र. मेकॅनिकचा पत्ता नव्हता. तिचे प्रश्न संपत आले. एक सेकंद. दोन. काय विचारावं? तीन. चार. कर्र.

फटीत टाचा उचलल्या.

अंगठा आपोआप बटणावर गेला. इतक्या दिवसांत तो तिच्याहून हुशार झाला होता. नुसतं दाबायचं. पलीकडे काही कळणार नाही, फुली पडणार नाही, पन्नासेक मिनिटं राहिली होती. टाचा वर होत्या. श्वास आत ओढल्याचं तिला ऐकू आलं. पाच. सहा. चवडे थरथरत होते, आता खाली येणार, नेहमीसारखे.

तिने अंगठा काढला. हात मांडीवर ठेवला.

“आई, तो पानावाला घाबरलाय का?”

मोठ्यांदा. स्पष्ट. आठ दिवसांचं साठलेलं.

कर्र थांबलं. “कोण आहे तिथे?”

“माझी मुलगी,” ती म्हणाली. तिने हेडफोनची वायर उपटली, तसा त्याचा आवाज कॉम्प्युटरमधून खोलीभर आला.

“तिला सांगा, मी घाबरत-बिबरत नाही.”

“मग दार का उघडतोय तो?” रेडिओ पडदा सारून आत आली, कॉम्प्युटरच्या दिशेने तोंड करून बोलायला लागली. “घाबरलेली माणसंच दार उघडतात. आई सांगते. आमच्या शाळेत पन्नास चिमटे आहेत पण ते चित्रांचे आहेत. तुझ्याकडे किती पाने आहेत?”

“…सात.”

“सगळे सांग. लहान आधी.”

आणि वीस वर्षांचा अनुभवी माणूस, चौथ्या-पाचव्याच्या मधे लटकत, कुरकुरत का होईना, पाने सांगायला लागला. सहावा सांगत होता तेव्हा दुसऱ्या ओळीवर आवाज आला, “कंट्रोल, पोचलो.”

अडीचला सुपरवायझर बाईंचा फोन आला. तोच इस्त्रीचा आवाज. “हा फोन मी चालू असतानाच ऐकत होते. शेवटच्या दिवशी ऐकते मी.”

“हो.”

“मागे मूल होतं.”

“माझी मुलगी. साडेपाच वर्षांची आहे. रोज पाऊण वाजता घरी येते. फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं.”

पलीकडे काहीच नाही. ती ऐकत राहिली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, “बाई, दहा सेकंदांच्या वर झालं.”

एक बारीकसा आवाज आला. हसू असेल, खोकला असेल. “तिसरी फुली आहे ही. दुपारची पाळी मी तुम्हाला देऊ शकत नाही, नियम मी बनवलेले नाहीत. सकाळी साडेआठ ते साडेअकरा कुणालाच नको असते. सगळी ऑफिसं तेव्हाच भरतात, फोन थांबत नाहीत. मुलगी तेव्हा शाळेत असते?”

“असते.”

“नवीन फॉर्म भरा. खरा. पुन्हा दहा पाळ्या, पुन्हा पहिल्यापासून. घेईनच असं म्हणत नाहीये मी.”

“कधी कळेल?”

“कळवते,” बाई म्हणाल्या. किती मिनिटांत, ते सांगितलं नाही. त्यांनाही तोच नियम असावा.

तिने तिथेच, खोक्यावर, फॉर्म भरायला घेतला. तो प्रश्न आला. तिने ‘हो’वर खूण केली, आणि ती नीट उमटली का ते दोनदा पाहिलं. बाहेर सासूबाई विचारत होत्या, “लागली का नोकरी, का गेली?” आणि ती “माहीत नाही” म्हणाली ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्या पुन्हा विचारत होत्या. आणि मधे रेडिओ, खोक्याच्या कडेला बसून पाय हलवत, सांगत होती: पानावाल्याचा सगळ्यात मोठा पाना हत्तीच्या दाताएवढा आहे, वर्गात आज खिडकीबाईंनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की कान चांगले आहेत, आणि मुंग्यांना हाडं नसतात हे आता तिला नक्की माहीत झालंय, कारण…

ती ‘हं’ म्हणत होती. एक डोळा कॉम्प्युटरवरच्या निरोपांकडे होता. संध्याकाळी नवरा विचारेल, काही हललं का. काय सांगणार? उद्या सकाळी कळेल, का परवा, का आठवड्याने?

बोलता बोलता रेडिओ मधेच थांबली.

तिचा हात फॉर्मवर थांबला. ती मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. तिने हळूच मान वळवली. पोरगी खोक्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. पाच. सहा. सात.

“यात काय आहे गं?” रेडिओने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सुरू झाली.